‘डॉक्टर, वजन किती उतरेल?’

(एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्या डॉक्टरांची एक सवय गावातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. औषध लिहून देताना पुढं काय काय होणार, तेही ते सांगून ठेवत. ताप तीन दिवसांत जाईल, खोकला मात्र पंधरवडाभर रेंगाळेल; आठव्या दिवशी ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून दुसरीकडं पळू नका. खोकला खरोखरच पंधरवडाभर रेंगाळायचा आणि पेशंटचा डॉक्टरांवरचा विश्वास उलट वाढायचा. मी ज्या शाखेत सर्जन म्हणून काम करते, तिथं उपचार उत्तम आहेत, पण हे आधी सांगून ठेवण्याचं काम आम्ही फार वाईट करतो. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया, म्हणजे लोक ज्याला ‘पोट छोटं करायचं ऑपरेशन’ म्हणतात ती, करून घ्यायला आलेला माणूस खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पहिला प्रश्न येतो, ‘डॉक्टर, वजन किती उतरेल?’ दुसरा प्रश्न, ‘किती महिन्यांत?’ तिसरा प्रश्न बहुतेक वेळा उठून जाताना, दाराशी पोचल्यावर येतो. ‘परत वाढणार नाही ना?’ पहिल्या दोन प्रश्नांना आमच्याकडं फडाफड उत्तरं असतात. तिसऱ्याला ‘तुमच्यावर अवलंबून आहे’ असं गुळमुळीत काहीतरी. खरं म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जगाला चांगलं ठाऊक आहे. ते सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती आहे.

शहरात शिरताना रस्त्याच्या कडेला फलक लागलेले असतात. डावीकडं ‘आधी’, उजवीकडं ‘नंतर’. उजवीकडचा माणूस आपली जुनी ढगळ पँट कमरेपाशी ताणून धरून हसत उभा असतो. फोटो खरा असतो, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की तो कधी काढला ते लिहिलेलं नसतं. तो ऑपरेशननंतर वर्षा-दीड वर्षानं काढलेला असतो, जेव्हा वजन आयुष्यातल्या सर्वांत खालच्या पायरीवर असतं. सहाव्या वर्षी त्या माणसाला परत बोलावून फोटो काढलेला मी तरी कुठल्या फलकावर पाहिलेला नाही.

आता हिशेब. या विषयातले निम्मे गैरसमज एका टक्केवारीतून जन्माला आलेले आहेत, म्हणून थोडं सावकाश सांगते. समजा एक बाई आहेत. उंची १६५ सेंटिमीटर, वजन १२० किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. त्यांचा येतो ४४. त्यांना सांगितलं जातं, ‘साठ टक्के वजन उतरेल.’ घरी गेल्यावर नवरा मोबाइलवर गुणाकार करतो. १२० चे साठ टक्के ७२, म्हणजे उरले ४८. लग्नात होतं त्याच्याहूनही कमी! पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात.

पण सर्जनचे साठ टक्के १२० किलोंचे नसतातच. ते ‘जादा’ वजनाचे असतात. बीएमआय २५ म्हणजे ठीक, असं धरलं तर या उंचीला ६८ किलो वजन चालतं. म्हणजे जादा वजन ५२ किलो, त्याचे साठ टक्के ३१. बाईंचं वजन ८९ किलोंवर येईल. बीएमआय साडेबत्तीसच्या आसपास. आमच्या पुस्तकांप्रमाणे हे ऑपरेशन यशस्वी. जादा वजनाचा निम्मा भाग गेला की आम्ही यश मानत आलो आहोत. पण तक्त्यात बघितलं तर बाई अजूनही ‘लठ्ठ’ या रकान्यातच बसतात. सर्जनचा आकडा आणि नवऱ्याचा आकडा यांत ४१ किलोंचा फरक पडला, आणि खोटं कुणीच बोललं नव्हतं.

जादा वजन मोजायची ही रीत मुळात वैद्यकातून आलेलीच नाही. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीनं आपल्या विमेदारांच्या आयुर्मानावरून उंची आणि वजनाचे तक्ते केले होते. सर्जन लोकांनी त्यातलं ‘आदर्श वजन’ उचललं आणि वर्षानुवर्षं आपले निकाल त्याच्या हिशेबानं छापले. शिवाय छेद बदलला की यशही बदलतं. आपल्याकडं २००९ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलं, की भारतीयांच्या बाबतीत बीएमआय २३ पासूनच वजन जादा समजायचं. त्या हिशेबानं आपल्या बाईंना ६३ किलोंच्या आतच असायला हवं. मग त्याच ३१ किलोंचे साठ ऐवजी चोपन्न टक्के होतात. बाई त्याच, कपडे तेच, टक्के कमी! म्हणून मी पेशंटला एकूण वजनाचे टक्के सांगते. १२० पैकी ३१ म्हणजे २६ टक्के. ढोबळ मानानं चौथा हिस्सा. हा आकडा फलकावर लावण्याइतका आकर्षक नाही, हे मला मान्य आहे.

लोकांच्या मनात कोणता आकडा असतो, याचाही अभ्यास झालेला आहे. बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी आलेल्या पेशंटना विचारलं, की किती वजन उतरेल असं वाटतं आणि किती उतरलं तर निराशा होईल. २०१३ साली त्यांनी निकाल छापले. अपेक्षा सरासरी ३८ टक्के वजन उतरण्याची होती, आणि २६ टक्क्यांपेक्षा कमी उतरलं तर हिरमोड होईल असं लोकांनी सांगितलं. आता आपल्या बाईंकडं बघा. त्यांचे २६ टक्के बरोबर त्या हिरमोडाच्या रेषेवर येऊन थांबतात. आमच्या दृष्टीनं पास, त्यांच्या दृष्टीनं जेमतेम काठावर.

आणि ही गोष्ट ऑपरेशनपुरती नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतच डाएट आणि व्यायामाचा उपचार घेणाऱ्या साठ स्त्रियांना असंच विचारलं होतं. सतरा किलो उतरलं तर आम्ही निराश होऊ, असं त्या म्हणाल्या. ४८ आठवड्यांनंतर सरासरी सोळा किलो उतरलं. कुठल्याही डॉक्टरला विचारा, डाएटवर सोळा किलो म्हणजे कौतुकाची गोष्ट. पण निम्म्याच्या जवळपास बायका आपल्या ‘निराशेच्या’ वजनापर्यंतही पोचल्या नव्हत्या.

आता दाराशी विचारलेल्या त्या तिसऱ्या प्रश्नाकडं वळते. याचं सर्वांत भरवशाचं उत्तर स्वीडनमधून आलेलं आहे. तिथं १९८७ पासून लठ्ठ माणसांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. २०१० माणसांनी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्यांच्याशी मिळत्याजुळत्या २०३७ जणांनी नेहमीचे उपचार घेतले. मग संशोधक या माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहिले. आमच्या क्षेत्रात एवढा चिकाटीचा अभ्यास विरळा. जठराची बायपास, म्हणजे अन्न लवकर लहान आतड्यात पोचवणारं ऑपरेशन, झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी मोजलं तेव्हा उतरलेलं वजन २५ टक्के होतं, पंधरा वर्षांनी २७. जठराला पट्टा घालण्याचं साधं ऑपरेशन झालेल्यांचा हिशेब २० टक्क्यांवरून १४ आणि मग १३ वर आला. आणि ऑपरेशन न केलेली माणसं? पंधरा वर्षांत त्यांचं वजन जिथं होतं तिथंच, एक-दोन टक्के इकडंतिकडं.

या आकड्यांत दोन बातम्या आहेत आणि त्या एकत्रच ऐकायला हव्यात. वजन परत वाढतं. जवळजवळ सगळ्यांचंच थोडंफार वाढतं. तळाला गेल्यावर काही किलो वर येणं हे ठरलेलंच समजा. पण ते पूर्ववत होत नाही, निदान बहुतेकांचं नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत बायपास झालेल्या सुमारे १८०० जणांचा दहा वर्षांचा हिशेब २०१६ मध्ये छापून आला. सरासरी २८ टक्के वजन अजूनही उतरलेलं होतं, आणि जवळजवळ मूळ वजनापाशी परत पोचलेले शंभरात तीन-चारच होते. ‘ऑपरेशन केलं तरी परत होतात तसेच’ असं सांगणारा शेजारी प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला हे तीन-चार जण नेमके भेटलेले असतात.

आज जगात सर्वांत जास्त होणारं ऑपरेशन आहे स्लीव्ह. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढायचा आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवायची. आपल्याकडंही हेच फार होतं. फिनलंडमध्ये कुणाला स्लीव्ह आणि कुणाला बायपास, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि दोन्हींची तुलना केली. २४० पेशंट होते. पाच वर्षांनी स्लीव्हवाल्यांचं जादा वजन ४९ टक्के उतरलेलं होतं, दहा वर्षांनी साडेत्रेचाळीस. बायपासचं ५७ आणि ५१. हे सगळे जादा वजनाचे टक्के आहेत, हे विसरू नका. आपल्या १२० किलोच्या बाईंना दहाव्या वर्षीचा स्लीव्हचा आकडा लावला तर त्यांचं वजन ९७ च्या घरात असेल. २३ किलोंचा फरक दहा वर्षांनीही टिकलेला. आणि पूर्वी नसलेली छातीतली जळजळ स्लीव्हनंतर काहींना सुरू होते, तीही धरा.

आता, वजन परत का वाढतं? ‘खातात की!’ हे उत्तर सगळ्यांच्या जिभेवर असतं, आणि ते पुरेसं नाही. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली आजी आठवा. घरात धान्याची पोती असली तरी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शरीर तसंच आहे. वजन उतरायला लागलं की त्याला दुष्काळ आल्यासारखं वाटतं. ते खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ नावाचा टीव्हीवरचा कार्यक्रम होता, त्यात माणसं काही महिन्यांत प्रचंड वजन उतरवत. त्यातल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर जवळपास सगळ्यांचं वजन पुन्हा वाढलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे शेजारच्या तेवढ्याच वजनाच्या माणसाइतकं जेवलं तरी यांचं वजन वाढणार. याला आळस म्हणायचं?

ऑपरेशनचा खरा फायदा इथं आहे. नुसतं जठर लहान झालं म्हणून वजन उतरत असतं तर लोकांनी दिवसाला वीस वेळा खाऊन ते भरून काढलं असतं. पण जठराचा जो वरचा भाग स्लीव्हमध्ये काढला जातो तिथूनच भुकेचं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः येतं. बायपासमध्ये अन्न लहान आतड्यात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-वनसारखी तृप्तीची संप्रेरकं भरपूर सुटतात. म्हणून पहिल्या वर्षात पेशंट सांगतात, ‘डॉक्टर, भूकच लागत नाही.’ या काळाला आमच्याकडं ‘हनिमून’ म्हणतात. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये आयोवात पहिली गॅस्ट्रिक बायपास केली, तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेली माणसं पुन्हा जाड होत नाहीत, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

हनिमून संपतो. साधारण दीड-दोन वर्षांनी भूक हळूहळू परत येते, जेवणाचं प्रमाणही थोडं वाढतं. त्या वेळी आपल्या ताटात काय आहे, हा प्रश्न येतो, आणि इथं मला परदेशी आहारतक्ते निरुपयोगी वाटतात. लहान झालेल्या जठराला आपल्या जेवणातली भाकरी जड जाते. घाईनं गिळलेला घास छातीत अडकतो. चिकनचा तुकडा नीट चावला नाही तर उलटी. पण आमरस सरकन उतरतो. तसंच श्रीखंड, आइस्क्रीम, बासुंदी, चहात बुडवलेलं बिस्किट, तोंडात टाकताच विरघळणारं फरसाण. ऑपरेशन झालेल्या माणसाला जे खायला अवघड तेच बहुधा त्याच्या कामाचं असतं, आणि जे सोपं ते घातक. म्हणून एप्रिल-मे आणि दिवाळी हे माझ्या ओपीडीतले कसोटीचे महिने. वाटीभर आमरसानं कुणाचं काही बिघडत नाही. पण ‘जेवण जात नाही, म्हणून नुसता आमरस घेते’ हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकते.

दुसरी आपली अडचण प्रथिनांची. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. अंड्यात साधारण सहा ग्रॅम. वरणाच्या पातळ वाटीत त्याहून कमी. शाकाहारी माणसाला पनीर, दही, मोड आलेली कडधान्यं, सोयाबीन आणि बहुधा डब्यातली पावडर, असा रोजचा हिशेब जमवावा लागतो, तोही दोन-दोन घासांत. लोह, बी-ट्वेल्व्ह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर जन्मभर. याला पर्याय नाही. मी ही यादी पेशंटसमोर वाचते तेव्हा सोबतचे नातेवाईक खिडकीबाहेर बघायला लागतात.

आता मिळतं काय, ते सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई स्वतःच्याच धंद्यावर उठल्या.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचाच मिळून एक गमतीदार निबंध छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. तपासलं तर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१. म्हणजे काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून सारखी नसतात. आपल्याकडच्या माणसाला मधुमेह कमी वजनालाच गाठतो, त्याचं हे एक कारण. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार बीएमआय साडेसत्तावीसपासून करावा असं म्हटलं आहे. विमा मात्र जुन्या रेषेवर आहे. आपल्याकडच्या विमा नियमांनुसार बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत ठरावीक आजार असतील, तरच खर्च मिळतो. या दरीत बरेच लोक सापडतात.

यातून निष्कर्ष असा की किलो हे मोजमापच आपल्यासाठी कमअस्सल आहे. पोटातली चरबी, साखर, झोप, गुडघे यांच्याकडं बघा. साखरेवरचा परिणाम तर वजन उतरायच्या आधी, काही दिवसांतच दिसतो. अमेरिकेत क्लीव्हलंडला मधुमेही पेशंटचे तीन गट केले. नुसती औषधं, औषधं आणि बायपास, औषधं आणि स्लीव्ह. पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) सहाच्या आत असलेले पेशंट औषधांच्या गटात ५ टक्के, स्लीव्हमध्ये २३, बायपासमध्ये २९. फरक प्रचंड आहे. पण नीट बघा, बायपास झालेल्यांतही शंभरातले सत्तर त्या रेषेच्या बाहेरच राहिले. स्वीडनच्या अभ्यासातही दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह गेला होता आणि दहा वर्षांनी त्यातला निम्माच हिशेब शिल्लक राहिला, ३६ टक्के. तेव्हा ‘मधुमेह कायमचा बरा’ असा फलक दिसला, की खाली बारीक अक्षरांत काही लिहिलंय का ते शोधा. नसेलच. गोळ्या कमी होतात, इन्सुलिन बऱ्याचदा सुटतं, साखर वर्षानुवर्षं ताब्यात राहते. हे कमी आहे का? डोळ्यांचा आणि मूत्रपिंडाचा विचार केला तर ते फार आहे.

आयुष्याचंही तसंच. स्वीडनचे २०२० चे निकाल सांगतात की शस्त्रक्रिया झालेली माणसं न झालेल्या तशाच लठ्ठ माणसांपेक्षा सुमारे तीन वर्षं जास्त जगली. पण सर्वसाधारण लोकांपेक्षा त्यांचं आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच राहिलं. तीन वर्षं मिळाली, सगळी नाही. ऑपरेशन माणसाला ‘कधीच लठ्ठ नव्हता’ असं करत नाही.

जे मिळत नाही, तेही बोलून टाकू. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात. बहुतेकांचे परत येतात. पोट, दंड, मांड्या यांची कातडी सैल पडते, आणि ती व्यायामानं फारशी आवळत नाही. चाळीस किलो उतरवलेल्या बाई आरशात बघून रडतात, कारण फलकावरच्या फोटोत कपड्यांखालचं दिसत नसतं. ही कातडी काढायचं ऑपरेशन वेगळं, खर्च वेगळा, आणि विमा ते बहुधा ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नाकारतो. दारूबद्दलही सांगायला हवं, विशेषतः पुरुषांना. बायपासनंतर दारू फार लवकर चढते आणि व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढतो. ज्याची खाण्याची सोबत सुटली, तो कधीकधी दुसरी सोबत शोधतो.

या सगळ्यांपेक्षा मला अस्वस्थ करते ती एक वेगळी अपेक्षा. आईवडील चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीला घेऊन येतात. मुलगी गप्प असते, आई बोलते. ‘स्थळं येतात, फोटो बघून नाही म्हणतात. दिवाळीनंतर मुहूर्त आहेत, तोवर होईल ना?’ त्या मुलीला मधुमेहाची सुरुवात असते, पाळी अनियमित असते, घोरणं असतं. ऑपरेशनची कारणं खरी असतात, पण घरातलं कुणी ती कारणं घेऊन आलेलं नसतं. मी अशा वेळी आईला बाहेर बसवते आणि मुलीशी बोलते. ऑपरेशननंतर वर्ष ते दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये, असा नियम आहे. शरीर तेव्हा उपाशी असतं. आणि वजन उतरलं की पाळी सुधारते, दिवस लवकर राहतात. दिवाळीनंतर लग्न आणि लगेच ‘गोड बातमी कधी?’ हा आपल्याकडचा क्रम इथं धोक्याचा आहे. शिवाय सासरी गोळ्या लपवायच्या, थोडंच खायचं, तेही कारण न सांगता. अशी मुलगी दुसऱ्या वर्षी तपासणीला येत नाही. लग्नासाठी म्हणून हे ऑपरेशन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाच्या लग्नासाठी घेऊन येणारे आईवडील मला अजून भेटायचे आहेत.

हल्ली एक प्रश्न नवा आहे. ‘इंजेक्शनं आलीत ना, मग ऑपरेशन कशाला?’ सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपटाइडच्या मोठ्या मात्रेत ७२ आठवड्यांत सुमारे २१. ही औषधं चांगली आहेत आणि काहींना ऑपरेशनची गरज राहणार नाही, याचा मला आनंदच आहे. पण औषध थांबवलं तर? सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचं उतरलेलं वजन वर्षभरात दोन-तृतीयांश परत आलं. शरीरातली ती दुष्काळ पाहिलेली आजी धान्याच्या पोत्यांकडं धावलीच. तेव्हा अपेक्षांचं जे काही मी मघाशी सांगितलं, ते इंजेक्शनवाल्यांनाही तसंच लागू आहे.

मग सर्जनला विचारायचं काय? ते करणार असलेल्या ऑपरेशनचे पाचव्या आणि दहाव्या वर्षाचे आकडे विचारा, आणि ते एकूण वजनाच्या टक्क्यांत मागा. त्यातले किती पेशंट पाच वर्षांनीही तपासणीला येतात, हे विचारा. उत्तर देताना डॉक्टर चिडले तर तेही उत्तरच आहे. ऑपरेशनची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त बाळगू नका. अनुभवी हातांत आणि योग्य पेशंटमध्ये दुर्बिणीतून होणारी ही शस्त्रक्रिया पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या तोलाची सुरक्षित आहे.

शेवटी एक विनंती, आणि ती या सभागृहात बसलेल्या पण हात वर न करणाऱ्या काही जणांना. तुमचं ऑपरेशन चार-पाच वर्षांपूर्वी झालं, पहिल्या वर्षी सगळ्यांनी कौतुक केलं, मग आठ-दहा किलो परत वाढले. तेव्हापासून तुम्ही तपासणीला जाणं बंद केलंत. डॉक्टर रागावतील, काट्यावर उभं करतील, असं वाटत असेल. गोळ्याही बहुधा सुटल्या असतील. ते वाढलेले किलो अपेक्षितच होते. त्यांच्यासाठी औषधं आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, क्वचित दुसरी शस्त्रक्रियाही आहे. पण बी-ट्वेल्व्ह वर्षानुवर्षं कमी राहिलं तर हातापायांच्या नसांना होणारी इजा कधीकधी भरून येत नाही. या आठवड्यात रक्त तपासून घ्या, आणि तुमच्या सर्जनकडं, किंवा जायला नको वाटत असेल तर दुसऱ्या कुणाकडं, पण जा.